टॉवेलाची हजेरी

मुरुमच्या शेतकरी कंपनीच्या सभेत डाळ मिलचा ठराव एकमतानं मंजूर झाला. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरा. कारण अकरा वाजले होते, सभा सुरू व्हायची होती आणि हॉलमध्ये सभासद होते पाच, खुर्च्यांवर टॉवेल पंचवीस.

कंपनीची मॅनेजर श्रावस्ती त्या टॉवेलांकडं बघत उभी होती. एकशेवीस सभासदांपैकी तीस हजर लागतात. अर्ध्या तासात भरले नाहीत तर सभा आठवडाभर पुढं. आणि मिलसाठीची शेड बाजार समितीनं आज संध्याकाळपर्यंतच राखून ठेवलेली. या मिलसाठी तीन वर्षं तिनं चपला झिजवल्या होत्या; पण ती नोकरीतली, तिचं डोकं मोजत नव्हते.

"पाच आन् पंचवीस, तीस," अध्यक्ष महालिंगप्पा म्हणाले. "करा सुरू."

"अप्पा, टॉवेल आहेत ते."

"एसटीत खिडकीतनं टॉवेल टाकला की माणूस बसला का न्हाय? कंडक्टर मानतो, मग कायदा मानंना व्हय?"

"कायद्यात 'व्यक्तिशः हजर' लिहिलंय."

"मग? टॉवेल काय गावकीचा हाय? ज्याचा त्याचा हाय."

क्षणभर श्रावस्तीला हे पटलं, याची तिलाच लाज वाटली. "एकच शब्द उचलून चालत नाही, अप्पा. पुढं वाचा की. हजर सभासदानं हात वर करून मत द्यायचं. मग हजर कोण? ज्याला हात आहे तो."

तेवढ्यात लाइट आली, पंखा गरगरला आणि पहिल्या रांगेतले दोन टॉवेल अलगद उठले.

"दोन मतं पडली," महालिंगप्पा म्हणाले. "लिहून घ्या."

अकरा वीसला श्रावस्तीनं कायद्याचं पुस्तक मिटलं, माइक घेतला आणि थेट कंडक्टरच्या सुरात ओरडली, "चला, बसून घ्या! टॉवेल हाय पण माणूस न्हाय, ती जागा दुसऱ्याला!"

समोरच्या हॉटेलात कपबशा आदळल्या. अख्खं हॉटेल पळत आलं. वीरप्पा तर सलूनमधून अर्धी दाढी घेऊन आला. मोजले, तर एकोणतीस. एक टॉवेल वीरप्पानंच मेव्हण्यासाठी टाकलेला, मेव्हणा उमरग्याला.

घड्याळात अकरा अठ्ठावीस. इतक्यात दारात वस्तरा घेऊन सलूनवाला वैजनाथ. "वीरप्पा, गळ्यातलं कापड माझं हाय!"

वैजनाथची एकरभर तूर होती. सभासद क्रमांक अठ्ठ्याऐंशी.

"वैजनाथभाऊ, बसा," श्रावस्ती म्हणाली. "मेव्हण्याच्या जागेवर."

तीस हात वर गेले. एकात वस्तरा होता, तोही धरला.

महालिंगप्पा मात्र हटले नाहीत. इतिवृत्ताचा शेवटचा परिच्छेद त्यांनी सांगितला आणि श्रावस्तीनं हसू दाबत शब्दन् शब्द उतरवला:

"मा. कंपनी निबंधक यांना सविनय विनंती की, ग्रामीण भागातील जागा धरण्याची पद्धत विचारात घेऊन सदर कलमात 'व्यक्तिशः' या शब्दापुढे 'किंवा टॉवेलद्वारे' असे शब्द समाविष्ट करण्यात यावेत. तसेच पंख्याने उडालेले टॉवेल तटस्थ समजण्यात यावेत."