लांब बसलेली आई

सासूबाईंनी सशाचं चौथं पिल्लू रुमालात गुंडाळलं आणि चपलांच्या रिकाम्या खोक्यात, आधीच्या तिघांशेजारी ठेवलं. त्याच्याही नाकातून दूध आलं होतं. डोळेसुद्धा न उघडलेल्या जिवाला उताणं धरून ड्रॉपरनं पाजलं की दूध पोटाऐवजी छातीत उतरतं, हे त्यांना सांगणार कोण? त्यांना काही सांगायची घरात कुणाची बिशाद नव्हती.

तसं सुनेनं सांगून पाहिलं होतं म्हणा. ससे तिचेच. मादीनं पोटाचे केस उपटून पेटीत पिल्लांसाठी मऊ गादी केली आणि मग दिवसभर पिंजऱ्याच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसली, तेव्हा सासूबाईंचं डोकंच फिरलं. कसली मेली ही आई, म्हणत त्यांनी पेटी उचलली आणि थेट स्वयंपाकघरात आणली.

"ती लांबच बसते, आई," सून दारातून म्हणाली होती. "दिवसातून एकदा-दोनदा येते, पाजते आणि जाते."

"आईपण तू शिकवणार मला?"

सून आपल्या खोलीत निघून गेली. बाळंतपणापासून ती गप्पच असे. भिंतीकडे तोंड करून पडायची, बाळ रडलं तरी उठायला वेळ लावायची. सासूबाईंनी थोडे दिवस पाहिलं, मग बाळाला सरळ आपल्या खोलीत नेलं आणि बाटली लावली. हिला मायाच नाही, असं विहीणबाईंना फोनवर सुनावलंसुद्धा. मुलगा खाली मान घालून जेवत राहिला. बाळ बाटलीवर बाळसं धरू लागलं, तेव्हा तर त्यांना आपलंच खरं वाटलं.

पाचवं पिल्लू ड्रॉपर तोंडात घेईना. मेलेल्या चौघांचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, त्यात काही खोट नव्हती. शेवटी हात टेकून त्यांनी पेटी पिंजऱ्यात परत ठेवली. मरायचंच असेल तर निदान आईजवळ मरू दे. त्या समोर स्टुलावर बसून राहिल्या.

दिवेलागणीला मादी उठली. कानोसा घेऊन पेटीत शिरली आणि पिल्लावर नुसती उभी राहिली. चहाला उकळी यायला लागतो तेवढाच वेळ. मग उडी मारून बाहेर आली आणि पुन्हा कोपऱ्यात, पाठ करून बसली. पेटीत पिल्लाचं पोट टम्म फुगलं होतं.

चपलांचं खोकं पायाशीच होतं. मग सासूबाई उठल्या, बाळाला आपल्या पलंगावरून उचललं आणि सुनेच्या खोलीत जाऊन तिच्या कुशीत ठेवलं.

"पाज त्याला," त्या म्हणाल्या. "मी बाहेर बसते."

सुनेनं बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला. फिरवतच राहिली.

"दूध केव्हाच आटलं, आई," ती म्हणाली. "बाटली आणता?"