अर्ध्या दाण्याएवढी कानस

मित्रांनो, सेलूत स्टेशनकडून बाजाराकडे वळलं की बन्सीधरभाऊंचं घर लागतं. त्यांच्या पडवीत, कडब्याच्या पेंढ्यांमागं, गोणपाटात गुंडाळून ठेवलेलं एक जुनं इंजिन आहे. तेच मी. आगगाडीचं नव्हे, मोटारीचंही नव्हे. सायकलीला जोडायचं, दोन मुठींएवढं इंजिन. मला आता धावता येत नाही. पण सांगता येतं.

आधी माझं पोट समजून घ्या. आत एकच दट्ट्या आहे, तो वरखाली होतो. नळकांड्याच्या भिंतीला खिडक्या आहेत. एकीतून पेट्रोलची वाफ आत शिरते, दुसरीतून जळका धूर बाहेर पडतो. दट्ट्या खाली आला की खिडक्या उघडतात, वर गेला की मिटतात. आणि मला तेलाची वेगळी टाकी नाही. पेट्रोलमध्ये मिसळून द्याल तेवढंच तेल माझ्या वाट्याला येतं. हे ध्यानात ठेवा.

१९३९ साली मी विलायतेहून लाकडी खोक्यात, भुशात बसून आलो. पहिला मालक रेल्वेचा एक साहेब. रुळांच्या कडेनं तो मला परभणीपर्यंत पिटाळी. लढाई पेटली, साहेब गेला, आणि त्याच्या खुर्च्या-कंदिलांसोबत मीही लिलावात निघालो. बन्सीधरभाऊंनी मला उचललं. ते कापूस पारखायचे. गावोगाव जायचं, बोंड चुरगाळायचं, धागा ओढायचा आणि जिनिंग गिरणीच्या मालकाला सांगायचं, हा घ्या, तो सोडा. पाथरी, मानवत, जिंतूर, सगळी धूळ मी खाल्ली. पोरं मागं धावायची. दसऱ्याला टाकीवर झेंडूची माळ पडायची. सुखाचे दिवस होते ते.

भाऊंची बायको नर्मदाबाई. माहेर निजामाच्या सरहद्दीपलीकडे, वऱ्हाडात. शाळा शिकलेली, बोलायला कमी आणि कानाला फार तिखट. मी गल्लीच्या तोंडाशी असतानाच ती चुलीपुढून म्हणायची, "आज कुठंतरी धूळ गेलीय आत." आणि खरंच गेलेली असायची. भाऊंपेक्षा ती मला जास्त ओळखायची, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

मग सत्तेचाळीस साल उजाडलं. नर्मदाबाईच्या माहेरी स्वातंत्र्याचे झेंडे लागले आणि इकडे निजामाच्या मुलखात माणसं हळू आवाजात बोलू लागली. निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांच्या लॉऱ्या फिरायच्या. लॉरीचा आवाज आला की बाजारातल्या दुकानांच्या फळ्या पटापट लागायच्या. शेजारची दोन घरं एका सकाळी नुसतीच रिकामी दिसली. नर्मदाबाईच्या मांडीवर तेव्हा सहा महिन्यांची बायना होती. ती बायनाला पाजताना दाराकडे तोंड करून बसायची. पाठ दाराकडे कधी नाही.

"तुला न् पोरीला माहेरी सोडतो," भाऊ म्हणाले. स्टेशनात उतारूंची झडती चालायची, म्हणून सडकेनं जायचं ठरलं. पण दोन माणसं आणि एक लेकरू घेऊन पाहिलं, तर दुधना नदीकाठच्या साध्या चढाला मी दम टाकला. जिंतूरच्या पुढचा चढ तर याच्या तिप्पट.

तेव्हा मला खाजामियाँ मिस्त्रीकडे नेलं. जिनिंगच्या भिंतीला लागून त्यांची पत्र्याची शेड होती. त्यांनी माझं नळकांडं काढलं, आत कागद गुंडाळून बसवला आणि काजळीचं बोट फिरवलं. कागदावर माझ्या खिडक्यांचा ठसा उमटला. तो त्यांनी उन्हाला धरला.

"बन्सीभाई, इसका दम अंदर घुटरा. धुएँ की खिडकी छोटी है."

"मग मोठी करा की."

मिस्त्रींनी खिशातून ज्वारीचा एक दाणा काढून ठशाशेजारी ठेवला. "आधा दाना उपर को. बस."

"अर्धाच? पुरा करा, मिस्त्री. पोटाशी लेकरू हाय माझं."

"नक्को. लोहा एक बार निकल गया तो वापस नै चिपकता. आधा बोले तो आधा."

दोन दिवस ते कानस चालवत होते. पाच वेळा घासायचे, की दाणा लावून बघायचे. मला दुखलं का? दुखलं. शेवटी खिडकीची धार त्यांनी रेगमालाच्या खरखरीत कागदानं गोल केली, नाहीतर दट्ट्याभोवतीची कडी तिथं अडकून तुटली असती. आतली वाट त्यांनी अशी गुळगुळीत केली की वाफ अडखळू नये. मला जोडून झालं तेव्हा दाराशी नर्मदाबाई उभी होती, बायना कडेवर. मिस्त्री भाऊंशी बोलले नाहीत, तिच्याशी बोलले.

"भाबी, ये अब जास्ती भागेगा, जास्ती तपेगा. तेल डबल पिलाना. एरंडी का. भूलना नै."

"न्हाई भुलणार, भाईजी."

मित्रांनो, त्या दिवशी मी धावलो. तसा पुन्हा कधी धावलो नाही. दुधनेचा चढ मी दोघांना घेऊन एका दमात चढलो. भाऊ हसत होते. पण खिडकी मोठी झाल्यावर माझा आवाजही मोठा झाला होता. पूर्वी मी फटफट करायचो, आता तडतडत होतो. कुत्री पडवीतून उठून पळाली. समोरचा लिंबाजी हलवाई ओरडला, "बन्सीभाऊ, तुमची फटफटी आता मानवतला बसूनबी ऐकू येती की!"

सगळे हसले. नर्मदाबाई हसली नाही. घरात शिरताना ती हळूच म्हणाली, "आपण निघालो की कुठं निघालो ते साऱ्या मुलखाला कळंल."

माघ सरत आला. सोमवारी निघायचं ठरलं. रविवारी घाण्यावरून शेरभर एरंडेल आणायचं होतं. पण शनिवारी सकाळीच स्टेशनापाशी दोन लॉऱ्या येऊन थांबल्या. लिंबाजीनं मागच्या दारानं येऊन सांगितलं, "दुपारी घरं तपासायला येणार म्हणतात. पोरीबाळींना काढा."

भाऊंनी पेट्रोलच्या बाटल्या काढल्या. एरंडेलाच्या बरणीत तळाशी चार बोटं तेल होतं. जुन्या हिशेबानं जेमतेम पुरेल इतकं.

"मी घाण्यावर जाऊन येते," नर्मदाबाई म्हणाली. घाणा चार घरं टाकूनच होता.

"आज?" तिची सासू कडूबाई उंबऱ्यात आडवी आली. "शनवारचं तेल घरात आणायचं न्हाई. त्यात आजचा दिवस हा असा!"

"खायचं हाय का ते, मामी? इंजिनाला हाय."

"शनीला काय म्हाईत कोण प्यालं ते? नातीला घेऊन निघालीस आन् वर साडेसाती बांधून नेतीस का?"

नर्मदाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, मिस्त्रीनं डबल सांगितलंय."

भाऊ एरवी शनिवार-मंगळवार मानणारे नव्हते. पण भ्यालेला माणूस सगळंच मानतो. ते खाली बघत म्हणाले, "माय म्हणती तर राहू दे. पोचू तेवढ्यात." आणि चार बोटं तेल चारही बाटल्यांत वाटून त्यांनी बाटल्या हलवल्या. मला ओरडावंसं वाटलं. पण मला पेटवल्याशिवाय ओरडता येत नाही.

कडूबाई मागंच राहिली. बायनाची टाळू भरायची एरंडेलाची बुटकी बाटली तिनं सुनेच्या ओटीत खोचली आणि दार लावून घेतलं.

जिंतूरपर्यंत मी नीट गेलो. गाव डाव्या हाताला ठेवून आम्ही चढाला लागलो. दोन्ही बाजूंना डोक्याइतकी उंच शाळू उभी होती, कणसं भरलेली, आणि शेतात माणूस नाही. राखणीच्या माचाणावरही कुणी नाही. अशा दिवसांत पाखरं हाकलायला पोरं आरडाओरडा करत असतात. त्या दिवशी माझ्याच आवाजानं पाखरं उठत होती, थव्यानं, आणि आम्ही कुठवर पोचलो ते आभाळात दाखवत होती.

नर्मदाबाईनं मागं वळून पाहिलं. खालच्या वळणावर धूळ होती.

"लॉरी हाय," ती म्हणाली.

भाऊंनी मला आणखी पिळलं. मी तापलो. पोटात आग पेटल्यागत झालं.

"अहो, वास येईना."

"कसला वास?"

"एरंडेलाचा. धुराला वासच न्हाई. थांबा, ते सुकं पडायलंय!"

"आता थांबू? येडी झालीस का?"

त्यांचं वाक्य संपलं आणि माझा दट्ट्या भिंतीला चिकटला. मागचं चाक जागच्या जागी आवळलं. आम्ही सगळे घसरत सडकेच्या कडेला, शाळूत जाऊन पडलो. नर्मदाबाईचं कोपर सोललं. बायना तिच्या पोटाशी तशीच होती, तिला ओरखडाही नव्हता.

आणि एकदम सगळं गप्प झालं.

भाऊंनी मला ओढत शाळूच्या आत नेलं आणि माझ्या डोक्यावरचा प्लग काढला. हात भाजला तरी काढला. "बाटली दे! प्लगच्या भोकातून तेल वतलं की सुटंल हे. दे लवकर."

खालून येणारा लॉरीचा आवाज जवळ आला आणि थांबला. कुणीतरी इंजिन बंद केलं होतं. ते मला ऐकत होते. इतका वेळ माझ्या आवाजाचा माग काढत आलेली ती माणसं आता गप्प बसून कान देत होती.

बायनानं ओठ काढले. नाक फुललं. आता ती रडणार, हे तिघांनाही कळलं. तिघं म्हणजे ते दोघं आणि मी.

"दे ना!" भाऊ नुसत्या ओठांनी म्हणाले.

नर्मदाबाईनं मान हलवली. बाटलीचं बूच दातांनी काढून सगळं तेल तिनं बायनाच्या टाळूवर ओतलं, आणि रोज आंघोळीआधी थापायची तसं हळूहळू थापू लागली. तोच तळवा, तीच लय. तेल कपाळावरून भुवयांत आलं. बायनाचे ओठ पुन्हा मिटले. डोळे जड झाले. तिला वाटलं, रोजचीच सकाळ आहे.

सडकेवर पावलं वाजली, कुणी काहीतरी बोललं, कुणी हसलं. मग लॉरी सुरू झाली आणि पुढं निघून गेली.

मित्रांनो, ते तेल मला मिळालं असतं तर कदाचित मी सुटलो असतो. थंड होता होता मी कायमचा आवळलो. पण ते चुकीच्या जागी सांडलं, असं मला एकदाही वाटलेलं नाही. त्या दिवशी माझं गप्प होणंच त्यांच्या कामी आलं.

पुढं भाऊंनी माझा क्लच चिंधीनं बांधला आणि सायकल ढकलत ते आडवाटेनं निघाले. दिवस मावळायच्या आत आम्ही वऱ्हाडात होतो.

परत आलो ते दिवाळीनंतर. भादव्यात निजामाचं राज्य गेलं होतं. कडूबाई होती, दार उघडून तिनं आधी बायनाला घेतलं, मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तेलापायी झालं व्हय गं?" तेव्हापासून ती दर शुक्रवारी बरणी भरून ठेवते.

दुसऱ्याच दिवशी भाऊ मला घेऊन जिनिंगकडे गेले, नर्मदाबाईही आली. खाजामियाँच्या शेडला कुलूप होतं. कुलपावर पावसाळ्याचा गंज. पत्र्याची एक बाजू काळी पडलेली. लिंबाजीला विचारलं, तर तो कढईतच बघत राहिला. "गेले म्हणतात औरंगाबादेकडं," तो म्हणाला. "भादव्यात." कुणासंगं गेले, ते त्यानं सांगितलं नाही. आणखी दोघांना विचारलं. त्यांनी एवढंही सांगितलं नाही.

नर्मदाबाई कुलपापाशी गेली. मग तिनं फटीतून आत पाहिलं. "कानस तिथंच हाय," ती म्हणाली. "कानस ठेवून मिस्त्री कुठं जातो का?"

म्हणून मी इथं आहे, गोणपाटात. बायना आता दुडुदुडु चालत येते आणि माझ्या मोठ्या केलेल्या खिडकीत करंगळी घालते. धार लागत नाही. मिस्त्रींनी ती गोल केली होती.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादं यंत्र असेल. त्याच्याकडून जास्त काम घ्यायचं ठरवलंत, तर आधी त्याला जास्त काय लागेल ते विचारा, आणि वार न बघता द्या. आणखी एक. कुठं एखादे म्हातारे मिस्त्री भेटले, खिशात ज्वारीचा दाणा ठेवणारे, तर त्यांना निरोप द्या. म्हणावं, सेलूला भाबी वाट बघते. तेल भरून ठेवलं आहे.