रुमालाखालचा भाव

चहाचा कप. चार अंगठ्या. बेण्यासाठी वेगळी काढलेली हळद. दिल्लीचा पत्ता. घामेजलेला एक हात.

मी एक जुना रुमाल आहे, मित्रांनो. नाक पुसायचा नव्हे. चांगला दोन हात लांब.

वसमतकडच्या एका खाजगी बाजार आवारात, शेतकऱ्यांचा माल व्यापाऱ्यांना विकून देणाऱ्या उत्तमराव अडत्यांच्या हातावर मी वीस वर्षं पसरलो. हळदीचा ढीग समोर. व्यापारी एकेक करून माझ्याखाली हात घालायचा आणि उत्तमरावांची बोटं दाबायचा. बोटांवरून भाव. कुणी किती दाबलं ते दुसऱ्याला कळू नये, म्हणून मी. नियमाप्रमाणे बोली उघड हवी होती, पण इथली जुनी चाल सुटली नव्हती.

"या रुमालानं आजवर चुगली केली न्हाई," असं उत्तमराव म्हणायचे. मी फुगायचो. सगळे जण सारखीच बोटं दाबतात हे मला समजत होतं. वाटायचं, जाणत्या माणसांचे अंदाज जुळणारच.

किती भोळा होतो मी!

गेल्या हंगामात पुसेगावच्या जनकाबाई हळद घेऊन आल्या. पोती उतरवता उतरवता म्हणाल्या, "उत्तमराव, औंदा भाव न्हाई आला तर हळदीचं पीकच मोडते बघा. बेणंबी विकून टाकते."

"मावशी, दरसाली असंच म्हणता!"

"दरसाली तुमीबी तोच भाव देता."

लोक हसले. सोमेश्वर व्यापाऱ्याने हात घातला. क्विंटलला तेरा हजार. मग आला धम्मानंद, सेनगावचा, नवा परवाना काढलेला. त्याचा हात घामेजला होता. तो बोटं दाबू लागला. एक दाब. दुसरा. अजून दाबतोच आहे, तेवढ्यात

"देविदास! तेरा हजार शंभर!" उत्तमराव ओरडले.

सवयीने. जीभ घसरली.

धम्मानंदचा हात अजून माझ्याखाली होता. आणि देविदास?

"अवो उत्तमराव," जनकाबाई सावकाश म्हणाल्या, "देविदासचा हात तर चहाच्या कपाला हाय."

सगळ्यांनी वळून पाहिलं. टपरीपाशी देविदास व्यापारी कप धरून उभा. त्याने हात माझ्याखाली घातलाच नव्हता. त्या दिवशी घ्यायची पाळी त्याची होती, एवढंच. सोमवारी सोमेश्वर, मंगळवारी देविदास. अंगठ्या घातलेल्या चौघा व्यापाऱ्यांचं सकाळीच ठरलेलं.

मित्रांनो, तेव्हा मला कळलं. व्यापाऱ्यांपासून मी काहीच लपवत नव्हतो. त्यांना सगळं माहीत होतं. मी पडदा धरून होतो तो फक्त जनकाबाईंसारख्या शेतकऱ्यांच्या डोळ्यांपुढे. वीस वर्षं!

"मी साडेचौदा दाबलेत," धम्मानंद मोठ्याने म्हणाला. "हे संगनमत हाय. याला कायदा हाय."

"कायदा मोठ्या कंपन्यांसाठी असतो, साहेब," सोमेश्वर हसला. "घ्या की माल. काटा कोण देतंय बघू."

खरंच, आवारातला एकही काटा त्याला मिळाला नाही. हमालांनी पोत्यांना हात लावला नाही. जनकाबाईंनी मला उत्तमरावांच्या हातावरून ओढलं, कमरेला खोचलं आणि पोत्यावर बसल्या. "मोजल्याबिगर उठत न्हाई."

"काहून तमाशा करून राहिल्या, मावशी?" उत्तमराव म्हणाले.

"तमाशा तर तुमी रुमालाखाली करत होता. मी उघड्यावर बसले."

दुपारी धम्मानंदने टेंपो आणला. गावाबाहेरच्या वजनकाट्यावर माल मोजला गेला. साडेचौदाच्या भावानेच. जनकाबाईंनी बेणं विकलं नाही.

मग धम्मानंदने बाजारातली संगनमतं तपासणाऱ्या दिल्लीच्या स्पर्धा आयोगाला अर्ज लिहिला. आपल्यासारख्या कितीतरी देशांनी बाजार खुले केले आणि मागाहून असे कायदे केले, असं तो जनकाबाईंना सांगत होता. आधीचा कायदा फार मोठ्या झालेल्यांवर डोळा ठेवायचा; नवा म्हणतो, मोठं व्हा, पण आतून हातमिळवणी करू नका. "मंग त्यो इथवर यायला कुठं आडला?" जनकाबाईंनी विचारलं. धम्मानंदने पाकिटावर दिल्लीचा पत्ता लिहिला. अर्जाला माझा फोटो जोडला आहे. निकाल अजून यायचा आहे.

सध्या मी जनकाबाईंच्या पेटीत पिशवीत आहे. जुन्या वस्तू जपा असं निबंधांतले माझे भाऊबंद तुम्हाला सांगतात. मी नाही सांगणार. निकाल लागला की मला फाडा, भांडी पुसा. पण कुणाच्या हातावर पुन्हा पसरू नका. भाव तोंडाने बोला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

जनकाबाईंनी या आवारात पहिलं पोतं उतरवलं २०१३ साली. असं संगनमत बेकायदा ठरवणारी कलमं देशात २००९ पासून लागू होती.