चौदा आक्षेप पाहिलेला चष्मा

जुना तर मी आहेच, मित्रांनो, पण त्याआधी मी मत्सरी आहे, आणि हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. मी एक चष्मा आहे. तपकिरी फ्रेमचा, जवळचं वाचण्याचा. चष्म्याने सगळ्यांकडे सारख्याच नजरेने पाहावं, असं तुम्हाला वाटत असेल. एके काळी मलाही तसंच वाटायचं.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. चष्मेवाल्याने माझ्या काचा घासल्या, फ्रेममध्ये नीट बसतात का ते चारचारदा पाहिलं आणि काड्या गरम करून बाईंच्या कानांमागे बसतील अशा वळवल्या. "आता हे बारीक अक्षर वाचा बघू," असं म्हणून त्याने पुढे कार्ड धरलं. बाईंनी कार्डाकडे पाहिलंच नाही. पर्समधून त्यांनी एक दात काढला, खिडकीपाशी नेऊन उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "चालेल." चष्मेवाला दोन पावलं मागे सरकला.

बाई कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवतात, त्यावरून बाई प्लास्टरचा साचा ओततात, गुलाबी मेणाची हिरडी रचतात आणि तिच्यात एकेक दात उभा करतात. तोंडात तीनच खुंट उरलेले असले तरी त्यांच्यावरून बाकीचे दात कसे होते, हे बाईंना कळतं. या कामात केसभर चूक झाली तरी माणसाला जेवता येत नाही. नऊ वर्षं हे काम त्यांनी माझ्यातून पाहून केलं. डॉक्टर बाईंची तारीफ करायचे आणि बाई मला पदराने पुसायच्या. माझ्या वाट्याची तारीफ ती.

दुपारी डबा खाऊन झाला की बाई फोन काढायच्या आणि कट्ट्यावर जायच्या. हा कट्टा फोनमधला. तिथे हौशी कवी आपापल्या कविता टाकतात आणि एकमेकांच्या वाचतात. कुणी शिपाई, कुणी गृहिणी, कुणी पेन्शनीत निघालेला. खरी नावं कुणीच लावत नाही. आमच्या बाई तिथे 'काजवा' होत्या. कट्ट्याचे नियम कडक होते. आपली एक कविता टाकायची असेल तर आधी दुसऱ्यांच्या तीन वाचायच्या. नुसतं 'छान' लिहून पळायचं नाही. आवडलेली किंवा खटकलेली ओळ जशीच्या तशी उतरवून घ्यायची आणि मग तिच्याविषयी काय ते बोलायचं.

हे नियम घातले होते मास्तरांनी. मास्तर कट्ट्याचे कारभारी. ते स्वतः कविता लिहीत नसत. "मी वाचणारा माणूस आहे, लिहिणं मला जमत नाही," असं त्यांनी कितीदा तरी लिहिलं होतं. पण वाचायचे असे, की लिहिणाऱ्याला आपलीच कविता नव्याने कळावी. बाईंनी रात्री टाकलेल्या कवितेवर सकाळी पहिला अभिप्राय मास्तरांचा असायचा. तो वाचताना बाईंच्या पापण्या माझ्या काचांना लागायच्या, इतक्या त्या फोनजवळ यायच्या. आयुष्यभर त्यांच्या हातचं काम लोकांच्या तोंडात गेलं आणि ते कुणाचं म्हणून कुणी विचारलं नाही. मास्तर मात्र विचारायचे. "काजवा, ही तिसरी ओळ तुम्हाला कुठे सापडली?"

मग कट्ट्यावर 'पारवा' आला. म्हणजे आली. ही बाई एका लाँड्रीत इस्त्री करते, एवढंच तिने सांगितलं होतं. तिच्या कविता लहान असायच्या, घरातल्या वस्तूंवर. बादली, उशी, दाराची कडी. आठव्या दिवशी मास्तरांनी तिच्या बादलीवर एकोणीस ओळी लिहिल्या. त्याच दिवशी बाईंच्या कवितेवर अकरा. बाईंनी त्या मोजल्या, मित्रांनो. बोटाने मोजल्या, वरून खाली, आणि मग खालून वर.

त्या दिवसापासून बाई रोज पारव्याच्या कविता वाचू लागल्या आणि एकीवरही अभिप्राय देईनात. त्यांच्या लेकीच्या हे लगेच लक्षात आलं.

"आई, परत तिचंच वाचतेयस?"

"कुणाचं?"

"तुझ्या सवतीचं."

"काहीतरीच काय बोलतेस," बाई म्हणाल्या, पण फोन उपडा ठेवला. गाल तापले की माझ्या काचांवर वाफ धरते. तेव्हा चांगलीच धरली होती.

मला बाईंचं दुःख कळत होतं आणि थोडी गंमतही वाटत होती. माझी गंमत फार दिवस टिकली नाही. लेकीने आईच्या वाढदिवसाला नवा चष्मा आणला. चांदीसारख्या बारीक तारेची फ्रेम, वरच्या भागातून लांबचं, खालच्या भागातून जवळचं. बाईंनी तो घातला, आरशात पाहिलं आणि चक्क हसल्या. माझ्यासाठी त्या आरशापुढे कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. मला त्यांनी कवळ्यांच्या लॅबमध्ये नेऊन ठेवलं, कामाच्या टेबलाच्या खणात, घासणीच्या चाकांशेजारी. त्याच सुमारास लॅबच्या शेठनी कामाच्या जागी फोन बंद केले, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा. म्हणजे कविता सगळ्या घरी, नव्या चष्म्याला. मला उरले दात आणि त्यांची भुकटी. कुणाच्या तरी दाढा बघता बघता मी मनात म्हणायचो, त्या चांदीवाल्याला आज काय वाचायला मिळालं असेल? तो फुटावा असं मी म्हणत नव्हतो. निदान त्याचा एखादा स्क्रू पडावा, एवढंच.

आणि चार महिन्यांनी पडला. शनिवारी त्याची डावी काडी हातात आली. बाईंनी त्याला दुरुस्तीला टाकलं आणि मला पर्समध्ये घालून घरी नेलं. किती आनंद झाला म्हणून सांगू. माझ्या उजव्या काचेवर मेणाचा एक थेंब वाळला होता, तो पुसायचं भानही बाईंना नव्हतं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. उद्या रविवार होता.

कट्ट्यावरचा रविवार बिननावाचा असायचा. ही प्रथाही मास्तरांचीच. कविता त्यांच्याकडे पाठवायच्या, ते नावं काढून नुसते आकडे घालून टाकायचे, आणि कुठली कुणाची हे सोमवारी संध्याकाळी जाहीर करायचे. माणूस पाहून नव्हे, ओळ पाहून बोलावं, यासाठी. पण कट्ट्यावर असं कोण होतं, जे आधी नाव ओळखायला बघत नव्हतं?

दुपारी दोनला बाईंनी कविता उघडल्या. सातव्या आकड्यापाशी थांबल्या. कविता खुर्चीवर होती. लहान ओळी, घरातली वस्तू.

"हीच ती," बाई पुटपुटल्या.

मित्रांनो, मी त्यांना थांबवू शकलो असतो का, हा प्रश्न मला विचारू नका. मी नाकावरून घसरू शकलो असतो. घसरलो नाही. चार महिन्यांनी वाचायला मिळत होतं, आणि नवा आला की जुन्याचं काय होतं ते मला ठाऊक होतं. पारव्याची जिरत असेल तर जिरू दे, असं मलाच वाटलं. मी चांगला घट्ट बसून राहिलो.

बाईंनी नियमाप्रमाणे ओळी उतरवून घ्यायला सुरुवात केली. 'तिच्यावर बसू नये असं कुणी म्हटलेलं नाही.' खाली लिहिलं, "मग बसावं. त्यासाठी कविता कशाला?" पुढची ओळ, 'टॉवेल वाळतो पाठीवर, तेवढीच तिला ऊब.' बाईंनी लिहिलं, "ओल्या टॉवेलाची ऊब? कवीने एकदा पांघरून पाहावा." मग, 'चहा एकाचाच होतो, भांडं मात्र दोघांचं आहे.' त्यावर, "लहान भांडी मिळतात दुकानात." सोळा ओळींची कविता होती. बाईंनी चौदा ओळींवर चौदा आक्षेप घेतले, एकाहून एक धारदार. कवळीच्या दाताला घासणी लावतात तशी त्या एकेक ओळ घासत होत्या. चौदावा लिहून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं, "पुरे," म्हणाल्या आणि अभिप्राय पाठवून दिला. शेवटच्या दोन ओळींकडे त्यांची नजर गेलीच नाही. मी मात्र त्यांच्या नाकावर बसून त्या वाचल्या.

अभिप्राय पहिलाच होता. तो वाचल्यावर सातव्या कवितेकडे फारसं कुणी फिरकलं नाही. एकच उत्तर आलं, पहिली ओळ उतरवून. "ही खुर्ची मी पाहिलीय. आमच्याकडे ती खिडकीत असते." लिहिणारी पारवा होती.

बाईंनी ते उत्तर दोनदा वाचलं. "स्वतःच्याच कवितेवर लिहितेय की काय ही?" असं म्हणाल्या, पण आवाजात दम नव्हता.

सोमवारी संध्याकाळी मास्तरांची यादी आली. तिसरी कविता पारव्याची होती, इस्त्रीवर. बाईंनी ती नीट पाहिलीही नव्हती. सातव्या आकड्यापुढे लिहिलं होतं, "सात माझी. पहिल्यांदाच धाडस केलं. काजवा यांचे आक्षेप वाचले, त्यांचं बरोबर आहे. मी वाचणाराच बरा."

बाईंनी सातवी कविता उघडली. कविता नव्हती. तिच्या जागी 'लिहिणाऱ्याने मजकूर काढून टाकला आहे' एवढंच होतं, आणि त्याखाली बाईंचे चौदा आक्षेप, एकही अक्षर इकडचं तिकडे न झालेले.

लेक जेवायला हाक मारत होती. "आई, काय झालं?"

"मास्तरांची बायको गेली असणार गं," बाई म्हणाल्या. "आणि मी त्यांना लहान भांडं घ्यायला सांगितलं."

मंगळवारी त्या कामावर गेल्या, पण दातांचा रंग दोनदा चुकवला. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता, शेठची नजर चुकवून फोन घेऊन जिन्यात येऊन बसल्या. पर्समधून रुमाल काढून त्यांनी मला पुसलं, आधी वाफ देऊन, मग कोरडं, मेणाचा थेंब नखाने खरवडून. मग आपलेच आक्षेप उघडले आणि त्यांतल्या उतरवून घेतलेल्या ओळी ऑर्डरच्या फॉर्मच्या पाठीमागे एकाखाली एक लिहू लागल्या. टोमणे सोडायचे, ओळी घ्यायच्या. एका तोंडातले उरलेले खुंट धरून पूर्ण हिरडी उभी करावी, तसं चाललं होतं. चौदा ओळी उभ्या राहिल्या. बाईंनी त्या पहिल्यापासून वाचल्या, आणि यावेळी मला खात्री आहे, खरोखर वाचल्या. माझ्या काचांच्या आतल्या बाजूला खारट थेंब पडले. बाहेरचा थेंब पुसता येतो, आतल्याचं मला काही करता येत नाही.

मग त्यांनी कट्ट्यावर, सगळ्यांना दिसेल असं, त्या चौदा ओळी टाकल्या. खाली लिहिलं, "ही मास्तरांची कविता. मी ती पारव्याची समजून फाडली, कारण मास्तर पारव्याला माझ्यापेक्षा जास्त ओळी लिहितात. मी मोजल्या होत्या. शेवटच्या दोन ओळी माझ्याकडे नाहीत. कुणाकडे असतील तर द्या."

मित्रांनो, इतक्या लोकांपुढे असं लिहायला काय लागतं, हे त्या थरथरणाऱ्या नाकावर बसल्याशिवाय कळणार नाही.

पारव्याचं उत्तर आधी आलं. "मी कामाच्या घाईत वाचलं होतं, ताई. दाराचं काहीतरी होतं शेवटी. नक्की आठवत नाही." ताई शब्द वाचून बाईंनी ओठ घट्ट मिटले.

सुट्टी संपता संपता मास्तरांचं आलं. "कागदही फाडून टाकला मी. त्या दोन ओळी माझ्याही ध्यानात नाहीत. खरं तर तुम्हालाच विचारणार होतो. इतकं बारीक वाचलंत, तर आठवत असतील."

बाईंनी लिहिलं, "नाही. तिथपर्यंत मी वाचलंच नव्हतं."

मग आलं, "असू दे. दोन ओळींची जागा मोकळी ठेवा. मला लिहिता आलं तर लिहीन." काम करताना बाई स्वतःशी पुटपुटतात, त्यावरून मला कळतं, कट्ट्यावर ती कविता अजून तशीच आहे. चौदा ओळी, आणि खाली टिंबांच्या दोन रांगा. मास्तर रोज इतरांवर लिहितात, बाईंवरही लिहितात. त्या रांगा भरलेल्या नाहीत. बाई आता पारव्याच्या प्रत्येक कवितेवर अभिप्राय देतात, आणि तो कधी किती ओळींचा झाला, हे मोजत नाहीत.

बुधवारी नवा चष्मा दुरुस्त होऊन आला आणि मी खणात परतलो. आता त्या चांदीवाल्याने हजार कविता वाचू देत. त्या दोन ओळी त्याने पाहिलेल्या नाहीत, बाईंनी पाहिलेल्या नाहीत, लिहिणाऱ्यालाही आठवत नाहीत. जगात त्या एकट्या माझ्याकडे आहेत. त्याच्याकडे नसलेलं काहीतरी आपल्याकडे असावं, हेच तर मला हवं होतं.

तेव्हा मित्रांनो, चष्म्याला जपा, त्याला खणात भुकटीत टाकू नका, हे तर मी सांगेनच. पण कुणी काही लिहून तुमच्यापुढे ठेवलं, तर आधी काचा पुसा आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. लिहिणारा कोण आहे ते नंतर बघा. माझ्यासारख्या चष्म्याला तोंड नसतं, राहिलेलं मी बाईंनाही वाचून दाखवू शकलो नाही. फार चांगल्या होत्या त्या दोन ओळी.