वास नसलेला धूर

त्या साली लातुरात दिवसाला दहा तास लाइट जायची आणि गल्लोगल्ली क्लास निघाले होते. मी जनरेटरचा मिस्त्री, मुज्तबा. माझी सदफ बारावीला, सिद्धलिंग सरांच्या क्लासमध्ये. सरांचं जनरेटरही मीच बघायचो.

ते बोळात होतं, पाइपाचं तोंडही तिथंच. समोरच्या शिवकांताबाईंचे डोळे चुरचुरायचे, नाक झोंबायचं. त्यांनी नगरपालिकेत अर्ज दिला. सर केमिस्ट्रीचे. त्यांनी मला फळ्यावर समजावलं की झोंबतात ते नायट्रोजनचे ऑक्साइड, आणि ॲक्टिव्हेटेड कार्बन त्यांना धरून ठेवतो. म्हणजे करवंटीचा कोळसा, भट्टीत वाफ देऊन आतून बारीक भोकं पाडलेला. मी विचारलं, बाकीच्या धुराचं काय? सर म्हणाले, "मिस्त्री, डबा तुम्ही बनवा. केमिस्ट्री माझ्यावर सोडा."

नांदेडच्या पाणी फिल्टरवाल्याकडून मी पोतंभर कार्बन आणला. पत्र्याच्या पिंपात भरला आणि पिंप सायलेन्सरला जोडलं. पाइपाला नाक लावलं तरी झोंबेना. शिवकांताबाईंनी अर्ज मागं घेतला. सरांनी पालकांना बोलावून डबा दाखवला. वास गेला म्हणजे विष गेलं, असं आम्ही सगळ्यांनीच धरून चाललो. मग सरांनी जनरेटर बोळातून उचलून जिन्याखाली, वर्गाला लागून ठेवलं; पाइपाचं तोंडही आता तिथंच. बोळात सायकली लावायला जागा झाली. उचलायला मीच हात लावला होता, ते लपवत न्हाई.

मंगळवारी सकाळी सातला टेस्ट होती. लाइट गेली, जनरेटर सुरू झालं. पुढचं मला पोरांनी सांगितलं. तासाभरानं वर्षाराणी नावाची पोरगी उभी राहिली. ही किल्लारीकडची, सहा वर्षांची असताना भूकंपाच्या ढिगाऱ्यातून काढलेली.

"सर, जमीन हलायली."

वर्ग हसला. भूकंपानंतर लातुरात हे रोजचंच. जनरेटरनं बाक थरथरला तरी पोरं दाराकडं पळायची, पेपर तसेच राहायचे. म्हणून टेस्टला सर दाराला बाहेरून कडी घालायचे. सरांनी दाराच्या काचेतून डोकावून तिला सांगितलं की भूकंप झाला तर मी सांगेन, तू पेपर लिही. ती बसली. आणखी तिघांनी बाकावर डोकं टेकलं. सरांना वाटलं, रात्रीच्या अभ्यासानं झोपली. ते केबिनमध्ये जाऊन बसले.

जमीन हलत नव्हती. पोरीचं डोकं फिरत होतं. पण लातूरच्या पोरीला चक्कर आली तरी भूकंपच वाटतो, आणि लातूरच्या मास्तराला भूकंपाचं नाव निघालं की फक्त हसू येतं.

साडेआठला मी डिझेल घेऊन आलो. पिंपाचा पत्रा लालसर झाला होता. सायलेन्सरचा तापलेला धूर मी गार न करताच कार्बनवर सोडला होता, आणि आतला कोळसा धुमसत होता. वास? काहीच न्हाई. माझी अम्मी, अमीरबी, थंडीत पेटती शेगडी कधी खोलीत येऊ द्यायची न्हाई. बंद खोलीतली शेगडी माणूस मारते हे अडाण्यालाही ठाऊक हाय. आणि मी पोरीच्या वर्गाला लागून शेगडी पेटवली होती. शेगडीचा निदान वास तरी येतो.

कडी काढली. साठ पोरं. कुणी ओकत होतं, कुणी हलवलं तरी उठेना. वर्षाराणीचे गाल लालबुंद होते, मला वाटलं हिला काही झालेलं न्हाई. मी तिला तिथंच सोडलं आणि सदफला उचलून पळालो.

सदफ दुपारी दवाखान्यात शुद्धीवर आली. वर्षाराणी आलीच न्हाई. डॉक्टर म्हणाले, कार्बन मोनॉक्साइड, त्याला वास नसतो; गाल लाल होतात ते त्याच विषानं.

सर आले. माझ्या कानाशी वाकून म्हणाले, पोलीस विचारतील, खिडक्या उघड्या होत्या म्हणा. पोरं उपाशीपोटी आली होती म्हणून चक्कर आली, असं सांगा. सदफनं ते ऐकलं. तिनं तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.

"खिडक्या मी लावल्या, अब्बा. रस्त्याचा आवाज येत होता. पोरी नको म्हणत होत्या. मी म्हटलं, आमच्या अब्बांचा डबा हाय, कायबी होत न्हाई."

मी तिचा मास्क नीट बसवला. बाहेर पोलीस जमादार कागद घेऊन बसला होता. त्याच्यापुढं उभा राहिलो आणि सरांच्या देखत म्हटलं, लिहा. डबा माझा. कडी सरांची.

"आणि खिडक्या?" त्यानं विचारलं.

"त्या बी मीच लावल्या."