चिमणीची पाळी

वीज गेली की लोक आम्हाला शिव्या देतात. सरकारी तक्रार कक्षात टेबलं दोन, फोन दोन. एकावर मी, एकावर चिमणी. अंगाने टिचभर म्हणून चिमणी. आवाज मात्र भोंग्यासारखा.

आमचे धर्म वेगळे. माझ्या सणाला अख्खं सरकार बंद, पण तक्रार कक्षात कुणीतरी लागायचंच. तिथे ती बसायची. ओस कार्यालयात लेक एकटी, म्हणून दुपारी तिची आई फोन करायची, जेवलीस का विचारायला. चिमणीच्या सणाला सरकारला सुट्टी नाही. त्या दिवशी तिचाही फोन मी उचलायची.

"देवाचं देव बघेल, सरकारचं सरकार. आपण एकमेकींचं बघू," ती म्हणायची. सगळं बिनबोभाट चाललं होतं.

मग नवे साहेब आले. पाळ्यांची अदलाबदल बंद, सणाची रजा बंद. चिमणीने हात जोडले.

"साहेब, आई सगळं विसरत चाललीय. यंदाच्या सणाला तरी मला ओळखेल. पुढच्या वर्षाचं काही सांगता येत नाही."

"सरकारी कामात धर्म आणायचा नाही," साहेब म्हणाले. त्यांच्या खुर्चीमागे आमच्या देवाची तसबीर, तिला ताजा हार. माझं डोकंच सटकलं.

"मग आपल्या सणाला कार्यालय का बंद असतं?"

"तो धर्म नाही, ती आपली संस्कृती आहे."

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! तोंडावर सुनावलं मी. उपयोग शून्य.

सणाच्या दिवशी चिमणी नवे कपडे घालून टेबलाशी बसली. दिवसभर लोकांची बोलणी खाल्ली, एकदाही आवाज चढवला नाही. घरी पोचली तेव्हा वाट पाहून पाहून आई दाराशीच झोपली होती, हे तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

थोड्याच दिवसांत चिमणी गेली. झोपेत हृदय बंद पडलं. मी तिच्या आईजवळ बसून ढसाढसा रडले. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत विचारत होती, "कोण गेलं गं तुझं?"

माझा सण आला. मी म्हटलं, यंदा मी बसते. घरचे फुगले. फुगू देत. तिच्या पाळीला दुसरं कुणी बसलेलं मला बघवलं नसतं.

दुपारी तिच्या टेबलावरचा फोन वाजला. बाकी सगळं विसरलेल्या म्हातारीच्या बोटांत तो नंबर तेवढा राहिला होता.

"जेवलीस का गं?"

"जेवले, आई."

"आपल्या सणाला आली नाहीस ती?"

"साहेबांनी सोडलं नाही, आई."

"असू दे. पुढच्या वर्षी तरी ये हं."

"येते," मी म्हटलं. तिने समाधानाने फोन ठेवला.