सहाची घाई

आमच्या घरात माझी तब्येत कुणी विचारत नाही. माझं पोट मात्र सगळे विचारतात. सून चहाचा कप पुढे करताना म्हणते, "आई, झालं का?" मुलगा ऑफिसातून फोन करून म्हणतो, "आई, झालं का?" नातू तर आल्यागेल्यासमोर सांगून टाकतो की आजीला आजपण झाली नाही. मग पाहुणे आपापला उपाय काढतात. कोमट पाणी, भिजवलेल्या मनुका, पपई, इसबगोल, एरंडेल. मी काही म्हणजे काही सोडलं नाही. तरी सूनबाईचं पालुपद चालूच, की तुम्ही पाणी कमी पिता. पिते की गं बाई. घागरभर पिते.

उपाय चांगलेच असतील. पण मला लागते सकाळी सहाला, आणि या घरात माझा नंबर लागतो नऊला. संडास एकच, आणि आंघोळही तिथंच. सहाला मुलगा मोबाइल घेऊन आत शिरतो, तो निवांत अर्धा तास. मग सून, मग नातू, मग सगळ्यांच्या आंघोळी. सगळे बाहेर पडले की दार माझ्यासाठी उघडं. तेव्हा मी जाऊन बसते आणि भिंतीवरच्या फरश्या बघते. सहाला गेलेली गाडी नऊला येईल कुठून?

ही सहाची सवय मला टेलिफोन एक्स्चेंजनं लावली. सगळी नोकरी मी बोर्डावर काढली. कानाला हेडफोन, समोर दिव्यांच्या रांगा, आणि जागा घ्यायला दुसरी बाई आल्याशिवाय जागचं हलायचं नाही, कितीही लागली तरी. दाबून ठेवलेली परत येत नाही, हे आम्ही सगळ्याजणी तिथंच शिकलो. म्हणून घरातून निघण्याआधीच मोकळं व्हायचं, एवढं मी शरीराला पढवून ठेवलं. नोकरी संपली, पण शरीराला ते कुणी कळवलं नाही.

सुरुवातीला मी बोलून बघितलं होतं. सूनबाई हसून म्हणाली, "आई, तुम्हाला कुठं जायचंय? तुमचा तर अख्खा दिवस मोकळा." ती वाईट नाही. उलटून बोलत नाही, माझी औषधं चुकू देत नाही. पण ते बोलणं मला असं झोंबलं की पुन्हा मी विषय काढला नाही. घर मुलाचं, धावपळ त्यांची. या वयात मी भांडू कशासाठी, तर संडाससाठी? नुसता तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आणि मग गेल्या महिन्यात सगळं गच्च झालं. पोट दगडासारखं, अन्न समोर आलं की मळमळ. दवाखान्यात नेलं. तिथं मला कुशीवर वळवलं आणि एका नर्सनं हातमोजा चढवून बोटानं काढलं. पोरगी चांगली होती बिचारी, "आजी, मोठा श्वास घ्या" म्हणत होती. मी भिंतीकडे तोंड करून रडले. दुखलं तर होतंच, पण मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून मला मरणाची भीती नाही, पडण्याझडण्याची नाही. फक्त ते पुन्हा व्हायला नको.

परवा तपासणीला गेलो. अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर, म्हणतात. इथं डॉक्टर मुलाहून लहान, आणि मुलगा शेजारच्या खुर्चीत. डॉक्टरनं पोट दाबून बघितलं. म्हणाला, "पुन्हा साठायला लागलंय. असंच राहिलं तर परत तसंच काढावं लागेल." मग त्यानं इतक्या दिवसांत कुणी विचारलं नव्हतं ते विचारलं. "आजी, घाई लागते का? की लागतच नाही?"

"लागते की," मी म्हटलं. "रोज सहाला लागते."

"मग जात का नाही?"

मी मुलाकडे बघितलं. तो मोबाइलकडे बघत होता.

"आत हा असतो," मी म्हटलं.

डॉक्टर हसला नाही. मुलाला म्हणाला, लागेल तेव्हा त्यांना लगेच जाऊ द्या, पायाखाली छोटं स्टूल द्या म्हणजे गुडघे वर राहतील, औषध मी देतोच, पण आधी हे. मुलगा हो हो करत राहिला. मला वाटलं, सुटले बाई.

परत येताना तो सिग्नलला थांबला. मग म्हणाला, "डॉक्टरसमोर माझी अब्रू काढायची काय गरज होती? घरी सांगायचंस ना."

लहानपणी हा दिवसचे दिवस कुंथायचा. मी याच्यासमोर उकिडवी बसून याचे हात धरायची, गोष्टी सांगायची, आणि ड्यूटीवर उशिरा पोचून सगळ्यांसमोर बोलणी खायची. कधी याला म्हटलं नाही की आटप. सगळं अगदी ओठांवर आलं होतं.

"चुकलं बाबा," मी म्हटलं.

काल तो खुर्ची घेऊन आला. बैठकीला भोक आणि खाली भांडं, तसली. मी झोपते हॉलमध्ये, जेवणाच्या टेबलामागं. तिथंच माझ्या खाटेजवळ ती ठेवली, वर तार बांधली, पडदा अडकवला. सगळं स्वतःच्या हातानं. "आता सहा काय, पाचला लागली तरी हरकत नाही," म्हणाला. सून म्हणाली, "भांडं मी धुवीन, आई. तुम्ही मुळीच संकोच करू नका." दोघं इतके खूश होते, की रोगापेक्षा इलाज भयंकर हे मी सांगणार कुणाला?

आज सहाला लागली. पडद्यापलीकडे नातू टेबलाशी दूध पीत होता, सून त्याचा डबा भरत होती. मी बसले.

"आजी काय करतेय?" नातवानं विचारलं.

"गप्प. तिकडे बघू नकोस."

दोघंही गप्प झाले, तसं माझं अंग आखडलं. आवाज होईल, वास येईल, पोर दूध तसंच टाकेल. काही केल्या होईना. पण घाई अजून होती, आणि डोळ्यांसमोर तो हातमोजा होता. मी उठले, कपडे सारखे केले आणि जाऊन संडासच्या दारावर टकटक केली. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच.

"कोण?"

"मी. जरा बाहेर येतोस का? मला लागलीय."

आत मोबाइलवर कुणीतरी हसत होतं. त्यानं आवाज बारीक केला. "अगं आई, तुला खुर्ची आणलीय ना आता?"

मी दाराला हात टेकून उभी राहिले. पोटात एक जोराची कळ आली, आणि मग सगळं थंड झालं.

"पाच मिनिटं थांब," तो म्हणाला. "आलोच."

"बस तू निवांत," मी म्हटलं. "माझी गेली."